एका शिताची भीती

पत्र

ताई,

माझी मुलगी साडेदहा महिन्यांची आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो. सहाव्या महिन्यापासून ती विकतच्या बेबीफूडच्या जारमधलंच खाते. सकाळी सफरचंद-ओट, दुपारी डेकेअरमध्ये रताळं नाहीतर मटार, रात्री चिकन-भाजी असं काहीतरी. शिवाय दिवसाला चार बाटल्या फॉर्म्युला, म्हणजे पावडरीचं दूध. जार अगदी चाटूनपुसून संपवते.

गेल्या महिन्यात सासूबाई आल्या होत्या. एक दिवस त्यांनी मांडीवर घेऊन तिला वरणभात भरवला. दुसऱ्याच घासाला ती लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं आणि पोटातलं सगळं दूध सासूबाईंच्या साडीवर. मी किंचाळले. नंतर मी तिसऱ्या टप्प्याचे, तुकडे असलेले जार दोनदा आणून पाहिले. तेच झालं. आता परत गुळगुळीत जारवर आले आहे आणि चमचा तिच्या तोंडाशी नेताना माझाच हात कापतो.

वाढदिवसानंतर डेकेअर तिला मोठ्या मुलांच्या खोलीत हलवणार. तिथे जार चालत नाहीत, मुलं टेबलाशी बसून हातानं खातात. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, "अजून बरण्याच का गं?" माझी आई म्हणते, दाढा येऊ देत, मग खाईल. डॉक्टर म्हणतात, वजन छान आहे, काळजी नको. सहा आठवड्यांत ही वरणभात खाईल का?

– शिताला घाबरणारी आई

उत्तर

आधी त्या साडीचं. दुधाचा डाग थंड पाण्यात भिजवला की निघतो, आणि सासूबाईंनी पोरं वाढवली आहेत, त्यांच्या साड्यांनी याहून बरंच काही पाहिलेलं असणार. ते मनातून काढून टाक.

आता कामाचं. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ओघात लिहून गेली आहेस. वरणभातानं जे झालं, तेच तुकडेवाल्या जारनं झालं. म्हणजे तिला वरणाची चव आवडली नाही, असं नाही. भात नकोसा आहे, असंही नाही. या दोन पदार्थांत एक गोष्ट सारखी आहे: पातळ किंवा गुळगुळीत काहीतरी, आणि त्यात लपलेला एक कण.

तू स्वतः पातळ वरणभाताचा घास घे आणि तोंडात काय चाललंय ते नीट बघ. वरण आधी घशाखाली जातं. शितं जिभेनं बाजूला अडवलेली असतात, ती दाढांखाली ढकलून, चावून मग गिळली जातात. एका घासात दोन कामं. आपल्याला कळतही नाही. तुझ्या लेकीची जीभ गेले साडेचार महिने एकच काम शिकली आहे: पुढून मागे ढकलायचं आणि गिळायचं. गुळगुळीत प्युरीला तेवढं पुरतं. वरणाबरोबर शीत आलं तेव्हा तिनं तेच केलं, आणि न चावलेलं शीत जिभेच्या मागच्या भागाला टेकलं. शरीर म्हणालं, हे काय आहे, बाहेर काढ. ते निघालं, आणि त्यामागून दूधही.

आपल्याकडे बाळाचं खाणं म्हटलं की पहिला विचार वरणभाताचा. आपल्याला तो सगळ्यात सोपा वाटतो. पण जारवर वाढलेल्या बाळाला पातळ वरणभात हा शेवटच्या इयत्तेचा पेपर आहे, आणि आपण तो पहिल्या दिवशी हातात दिला. तिसऱ्या टप्प्याचे जारही असेच फसवे. पाकिटावर टप्पा पुढचा लिहिलेला असतो, म्हणून आपण इमानेइतबारे तो आणतो, आणि गुळगुळीत लगद्यात मधूनच गाजराचा तुकडा लागला की बाळ दचकतं.

म्हणजे वाट वरणभातापर्यंत जाते, पण तिथून सुरू होत नाही.

त्याआधी तुझ्या भीतीचं बोलू, कारण चमचा धरणारा हात तुझा आहे. ओकारीची उबळ आणि घास अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उबळ आली की आवाज होतो. बाळ खोकतं, 'ॲक्' करतं, जीभ बाहेर काढतं, तोंड लाल होतं, डोळे पाणावतात. ही त्याची स्वतःची राखण आहे. लहान बाळात ही उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागाला काही टेकलं तरी येते, आणि तोंडात वेगवेगळं येऊ लागलं की हळूहळू ती जागा मागे सरकते. घास खरोखर अडकला तर मात्र आवाज बंद होतो. रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळसर होतात. तुझी लेक लाल झाली होती, डोळे पाणावले होते आणि तिनं सगळं बाहेर काढलं होतं. सासूबाईंच्या मांडीवर जे झालं ते पहिल्या प्रकारचं.

तरी मी तुला 'घाबरू नकोस' एवढंच सांगून सोडणार नाही. त्यानं कुणाची भीती जात नाही. तू आणि नवरा, दोघांनी बाळांच्या प्रथमोपचाराचा एक वर्ग करा. अमेरिकन रेड क्रॉसचे वर्ग असतात, एका शनिवारच्या सकाळचं काम. बाहुलीवर हात बसला की घास अडकल्यावर काय करायचं ते हाताला आठवतं. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापट्या. मग उताणं करून छातीच्या हाडावर मधोमध पाच दाब, आणि घास निघेपर्यंत हे आळीपाळीनं. दुसऱ्यानं तोवर 911 हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा. दिसत नसलेला घास काढायला तोंडात बोट घालायचं नाही, तो आणखी खोल जातो. आपल्या घरांतून अजूनही पहिलं बोटच जातं, म्हणून मुद्दाम सांगते. वर्ग होईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही.

आणि पुढच्या वेळी उबळ आली तर किंचाळू नकोस. कठीण आहे, माहीत आहे. हात मांडीखाली दाबून बस हवं तर. ती तुझ्या तोंडाकडे बघते. तुझं तोंड पांढरंफटक पडलं, तर पुढचा घास तिच्यासाठी भीतीचाच. उबळ ओसरली की शांतपणे 'निघालं ना बाहेर' म्हण, पाण्याचा घोट दे, आणि ती तोंड उघडत असेल तरच पुढे जा.

आईचं 'दाढा येऊ देत' हे मात्र मानू नकोस. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांच्या दरम्यान येतात. तोवर बाळं हिरड्यांनी चिरडतात, आणि त्या हिरड्या किती टणक असतात ते बोट घालून बघ एकदा. उलट फार थांबणंच महाग पडतं. इंग्लंडात ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून एक मोठा अभ्यास झाला. ज्यांना नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्या असलेलं अन्न मिळालं, ती मुलं सातव्या वर्षीही भाज्या-फळं कमी खात होती आणि त्यांच्या जेवणाच्या कटकटी जास्त होत्या, असं त्यात दिसलं. हे तुला घाबरवायला नाही सांगत. साडेदहा महिने म्हणजे गाडी सुटलेली नाही, फलाटावर आहे. पण आता चढायला हवं.

जार वापरले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. 1928 साली मिशिगनमधल्या फ्रीमाँट गावी गर्बर कुटुंबाच्या कारखान्यानं बाळांसाठी गाळलेल्या भाज्या डब्यांत भरून विकायला सुरुवात केली, ती घरातल्या बाईला रोज हातानं मटार चाळणीतून घासत बसावं लागे म्हणून, अशी त्यांची गोष्ट सांगतात. जार म्हणजे विकत मिळणारी चाळणी. मी इथे पुण्यात, जार कधी हातात न धरता, हाच घोळ घातला होता. माझ्याकडे मिक्सर होता. थोरला अकरा महिन्यांचा होईपर्यंत खिचडीसुद्धा मिक्सरमधून फिरवून देत होते, वर 'एकही कण राहायला नको' म्हणून गाळणीतून. मग एका सकाळी त्यानं चुलतबहिणीच्या बशीतला उपमा मूठभर उचलून तोंडात कोंबला. मी धावले. तो खोकला, अर्धा बाहेर काढला, उरलेला खाल्ला, आणि परत हात पुढे केला.

तर आता कसं करायचं.

एक नियम ठेव: चव आणि पोत एकाच दिवशी बदलायचे नाहीत. एक बदल झाला की तो तिच्या ओळखीचा होऊ दे, मग दुसरा.

पहिला आठवडा फक्त चवीचा. आपली मुगाची खिचडी कर. मूठभर तांदूळ, अर्धी मूठ मुगाची डाळ, चिमूटभर हळद, जिरं, मीठ नाही, आणि पाणी भरपूर, पाचपट तरी. इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, असेल तर त्यात, नाहीतर कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. गार होताना ती घट्ट होते. चमचा उलटा केला तरी लगेच पडू नये इतकी घट्ट हवी. ती मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढ, वर अर्धा चमचा तूप, आणि तिच्या ओळखीच्या रताळ्याच्या जारमध्ये मिसळ. पहिल्या दिवशी तीन चमचे जार, एक चमचा खिचडी. मग दोनास दोन. आठवडाअखेर जार नावापुरता. जिभेला वेगळं काही करावं लागत नाही, फक्त नवी चव कळते. ही चव वाटते तेवढी सोपी नाही. तू आणतेस त्या जारच्या मागची यादी वाच. नाव पालकाचं आणि पहिला घटक नाशपाती किंवा सफरचंद, असं बऱ्याचदा असतं. तिच्या जिभेला जेवण म्हणजे गोड असं वाटत असेल, तर वरणाचा खारट नसलेला, तुपाचा साधा वास तिला अळणी लागणारच. दहा-बारा वेळा समोर येऊ दे. तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे 'नको' असं नाही, बऱ्याचदा 'हे काय?' असं असतं.

दुसऱ्या आठवड्यात मिक्सर आवरता घे. तीच खिचडी, तशीच घट्ट, आता काट्यानं चिरडलेली. मग नुसती चमच्याच्या पाठीनं दाबलेली. आपल्याकडे गुरगुट्या भात म्हणतात ना, शितं दिसतात पण वेगळी निघत नाहीत, तसा. यात आणि पातळ वरणभातात फरक एवढाच की सगळा घास एकजीव असतो, मधूनच सुटं शीत नाही. घासात अचानक काही नसलं की तोंडाला तो सांभाळता येतो. पातळ वरण, आमटीभात, दुधातला भात, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर.

चमचा कसा द्यायचा तेही सांगते, कारण बहुतेक ओकाऱ्यांचं मूळ इथेच असतं. आपण चमचा आत नेतो, वरच्या हिरडीला पुसतो आणि घास जिभेच्या मध्यावर सोडतो. तिला फक्त गिळायचं उरतं. त्याऐवजी चमचा खालच्या ओठाशी धरून थांब. तिनं पुढे होऊन ओठ मिटून घास ओढून घेतला पाहिजे. कधीकधी घास मुद्दाम गालाच्या बाजूला, जिथे पुढे दाढ येणार आहे तिथल्या हिरडीवर ठेव. मग गंमत बघ. जीभ तिकडे वळते, जबडा खालीवर व्हायला लागतो. हेच चावणं. पहिल्यांदा दिसेल तेव्हा तुला फोटो काढावासा वाटेल, काढ.

हे चमच्याचं चालू असतानाच, पहिल्या दिवसापासून, तिच्या हातातही काहीतरी हवं. पोटासाठी नाही, सरावासाठी. करंगळीएवढी उकडलेल्या रताळ्याची फोड. पिकलेल्या केळ्याचा लांबट तुकडा. मुगाच्या धिरड्याची दोन बोटं रुंद पट्टी, तुपावर मऊ भाजलेली. वाफवलेला ब्रोकोलीचा तुरा. परीक्षा सोपी: अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून दाब, सहज चिरडला तर तिच्या हिरड्यांनाही चिरडता येईल. नाही चिरडला तर आणखी शिजव. या वयात पोरं चिमटीनं कण टिपायला लागतात, तेव्हा मऊ शिजलेल्या वाटाण्याचं साल काढून तो चेपून समोर ठेवला की पाच मिनिटं ती त्याच्यात गुंग होते. निम्मं जमिनीवर जाईल. खाली जुनी चादर घाल आणि सोडून दे.

बसायला हायचेअर, आणि पाय लोंबकळत नकोत. पायाखाली आधार नसेल तर वह्यांचा गठ्ठा नाहीतर खोका बांध. तू टांगत्या पायांनी उंच स्टुलावर बसून बाकरवडी खाऊन बघ, मग कळेल. मांडीवर अर्धवट आडवं घेऊन भरवणं आता बंद. त्या पद्धतीत घास आपणहून मागे घसरतो. हे सासूबाईंना मी सांगितलं असं सांग.

सुरुवातीला दिवसातून एकच जेवण असं. शनिवार-रविवारची सकाळ बरी, तू घाईत नसतेस. बाकी वेळी जार खुशाल चालू दे. एक जेवण जमलं की दुसरं. जेवणाच्या दीड-दोन तास आधी बाटली नको. चार बाटल्या पोटात असताना कुणाला नवा पदार्थ चाखावासा वाटेल? वर्ष होईपर्यंत दूध मुख्य असणारच, ते एकदम कापू नकोस, फक्त वेळा सरकव. वर्षानंतर गाईचं दूध सुरू झालं की मात्र दिवसाला 500 ते 700 मिलिलिटरच्या वर जाऊ देऊ नकोस. दुधानं पोट भरलेली मुलं जेवत नाहीत, आणि मग रक्त कमी होतं.

रक्तावरून लोहाकडे येते, कारण जार सोडताना ही गोष्ट हातातून निसटते. या वयात बाळाला लोह खूप लागतं. अमेरिकेतली शिफारस 7 ते 12 महिन्यांसाठी रोज 11 मिलिग्रॅमची आहे, म्हणजे मोठ्या पुरुषापेक्षा जास्त. आत्ता ते मुख्यतः फॉर्म्युल्यातून जातंय. जार गेले, फॉर्म्युला कमी झाला आणि ताटात नुसता तूपभात आला, तर ती गुटगुटीत दिसेल आणि लोह घसरेल. म्हणून बाळांचं लोहयुक्त ओट सीरियल, म्हणजे ओटचं तयार पीठ, आणून ठेव आणि धिरड्याच्या पिठात दोन चमचे घाल, कुणाला कळत नाही. चिकन चालतं घरात असं पत्रावरून दिसतंय, तर चिकनचा खिमा मऊ शिजवून खिचडीत. पूर्ण शिजलेलं अंडं, कुस्करून. मसूर. डाळीवर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. वर्षाच्या तपासणीला डॉक्टर हिमोग्लोबिन बघतील, न्यू जर्सीत रक्तातलं शिसंही तपासतात. दोन्ही आकडे विचारून घे. शिशावरून आठवलं: भारतातून कुणी सुटी हळद, सुटा मसाला आणून दिला असेल तर तो बाळाच्या अन्नात नको. रंगासाठी त्यात नको ते मिसळलेलं सापडतं.

रोज तिन्ही त्रिकाळ भातही नको. तांदळात आर्सेनिक हे विषारी द्रव्य इतर धान्यांपेक्षा जास्त उतरतं, म्हणूनच 2020 साली अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं, एफडीएनं, बाळांच्या तांदळाच्या सीरियलसाठी मर्यादा घातली. एक दिवस भात, एक दिवस नाचणीची पेज, एक दिवस दलियाची खिचडी. नाचणी मोड आणून, वाटून, पंच्यातून गाळून सत्त्व काढायला तुला वेळ नाही, माहीत आहे. पीठ आण, नीट शिजव, गुठळी झाली तर चिरड. आता गुठळीच तर हवी आहे.

मीठ वर्षापर्यंत घालू नकोस, साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत. यासाठी वेगळा स्वयंपाक नको. तुमचं वरण शिजलं की मीठ, गूळ, तिखट पडायच्या आत तिची वाटी काढून घे. हिंग, जिरं, धणे, कोथिंबीर, लसूण सगळं चालतं. मध वर्षाच्या आत कुठल्याही रूपात नाही. घुटीत नाही, बोटावर चाटवायला नाही, उष्टावणाच्या दिवशी सोन्याच्या अंगठीवरूनही नाही. त्यात जिवाणूंची बीजं असू शकतात, आणि त्या वयाचं आतडं ती थोपवू शकत नाही.

घास अडकवणारे पदार्थ तेवढे लक्षात ठेव. अख्खे दाणे, फुटाणे, काजू-बदाम, मक्याच्या लाह्या, कच्चं गाजर, अख्खी द्राक्षं. हे चार वर्षांपर्यंत नाही. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून चार फोडी. कोरडे चुरमुरे आणि कोरडी पोळीही सध्या नको, पोळी टाळूला चिकटते. दशमी कर, दुधात भिजवलेली, मऊ. शेंगदाण्याला मात्र घाबरू नकोस. 2015 साली लंडनहून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच दाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाचव्या वर्षी दाण्याची ॲलर्जी न देणाऱ्यांपेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा बारीक कूट खिचडीत मिसळून सुरू कर, आणि सुरू केलं की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेव. तिला जोराचा एक्झिमा, म्हणजे अंगावर खाजरं पुरळ, असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचार. डेकेअरच्या डब्यात कूट घालू नकोस. बऱ्याच ठिकाणी दाणे बंद असतात.

लंगोटात वाटाण्याची सालं आणि गाजराचे तुकडे जसेच्या तसे दिसतील. बिटानंतर लाल दिसेल. घाबरून फोन करू नका.

मोबाईलवर गाणी लावून भरवते आहेस का? तू लिहिलं नाहीस, पण जार 'चाटूनपुसून' संपतो म्हणालीस म्हणून विचारते. असशील तर हळूहळू काढून घे. पडद्याकडे बघणारं बाळ नुसतं गिळत राहतं. जिभेनं काही नवं शिकावं अशी आपली अपेक्षा असेल, तर तिचं लक्ष तोंडात हवं. पडद्याच्या जागी तुम्ही दोघं बसा, तुमचं ताट घेऊन. रात्री साडेसातला ती जेवते आणि तुम्ही साडेनऊला, असं असणार बहुतेक. आठवड्यातून चार दिवस तरी लवकर जेवा, तिच्यासमोर, तोंड उघडं ठेवून, जरा जास्तच चावत. चारचौघांत असभ्य दिसेल, घरात चालतं.

किती खायचं ते तिच्यावर सोड. तोंड फिरवलं, चमचा ढकलला, की संपलं. 'एक घास चिऊचा' म्हणत तोंडात कोंबू नकोस. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण मी तो घास शेकडो वेळा भरवला आहे. पण चिऊकाऊला बोलवायचं ते तिनं तोंड उघडल्यावर.

सहा आठवड्यांत होईल का? वरणभात कदाचित नाही. पण पट्ट्या हातात धरून खाणं, चिरडलेली खिचडी, अंडं, मऊ फळं इथपर्यंत बहुतेक बाळं येतात, आणि त्या खोलीत तेवढं पुरतं. तरीही जाऊन त्या खोलीतल्या बाईंना आत्ताच भेट. दुपारी डब्यात काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघ, आणि घरी तेच तशाच तुकड्यांत ठेव. एक-दोन आठवडे जेवणाच्या वेळी तिला तिथे नुसतं बसू देतील का, तेही विचार. शेजारचं पोर खाताना दिसलं की जे होतं ते माझ्या थोरल्याचं झालं होतं.

चार आठवडे नीट प्रयत्न करूनही एकजीव चिरडलेलं अन्नसुद्धा रोज ओकत असेल, खाताना-पिताना वारंवार ठसका लागत असेल, गिळल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, किंवा वजन थांबलं, तर 'काळजी नको' ऐकून घरी येऊ नकोस. खाण्याच्या थेरपिस्टकडे चिठ्ठी माग. हे काम तिथे बहुतेक स्पीच थेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट करतात. शिवाय न्यू जर्सीच्या अर्ली इंटरव्हेन्शन या सरकारी योजनेत तीन वर्षांखालच्या मुलांची पहिली तपासणी मोफत असते, आणि त्यासाठी आई स्वतः फोन करू शकते.

राहिल्या सासूबाई. 'अजून बरण्याच का' याला उत्तर देत बसू नकोस, त्यांना काम दे. मिरची आणि मीठ न घालता मेतकूट कसं करायचं, डाळी किती भाजायच्या, मेथी किती, ते कॉलवर विचार. दुसऱ्या दिवशी फोन हायचेअरच्या समोर उभा कर, ती रताळ्याची फोड चिरडत असेल तेव्हा. दिसू दे त्यांना. साडीची भरपाई त्यात होऊन जाईल.